विश्लेषण : सौर प्रकल्प गावाजवळ आला की विजेचा दाब सुधारतो?

राज्यात शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याचे काम सुरू आहे आणि घरांच्या छतांवरही पॅनेल चढत आहेत. ऊस, डाळिंब आणि विंधन विहिरींच्या मोहोळ तालुक्यात यातून दिवसा वीज मिळण्याची आशा आहे. मात्र मेगावॉट कितीही वाढले तरी मोटार चालते ती शेतातल्या डीपीवर मिळणाऱ्या दाबावर. छोटे वीजस्रोत हा दाब कुठे सुधारतात, कुठे बिघडवतात आणि त्यावर लक्ष कोणी ठेवायचे?

सोलापुरात वीज भरपूर, तरी दाब कमी का?

सोलापूर जिल्हा विजेच्या नकाशावर मोठा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताची ग्रीड उर्वरित देशाशी जोडली गेली. तरीही मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर उन्हाळ्यात ‘लाइट आहे, पण मोटार उचलत नाही’ अशी तक्रार होऊ शकते. यात विसंगती नाही. मोठ्या प्रकल्पातली वीज चारशे, दोनशेवीस, एकशेबत्तीस केव्ही अशा पायऱ्या उतरत ३३ केव्हीवर येते. गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातून ती ११ केव्हीच्या फीडरवर जाते, मग डीपीवर आणि तिथून लघुदाबाच्या तारांनी मोटारीपर्यंत. सगळी ओढाताण होते ती या शेवटच्या काही किलोमीटरमध्ये. ठिबकच्या लांब नळीत पहिल्या ड्रिपरला पाणी जोरात मिळते आणि शेवटचा ड्रिपर जेमतेम पाझरतो, तसाच हा प्रकार. तार जितकी लांब आणि बारीक, आणि तिच्यावर भार जितका जास्त, तितका दाब वाटेत खर्च होतो.

दाब किती असायला हवा आणि तो पडला की काय होते?

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांनुसार लघुदाबावर घोषित दाबाच्या ६ टक्के वर किंवा खाली एवढीच सूट आहे. २३० व्होल्ट धरले तर ही मर्यादा साधारण २१६ ते २४४ व्होल्ट होते. ११ केव्हीच्या वाहिनीवर ६ टक्के वर आणि ९ टक्के खाली, म्हणजे सुमारे १० ते ११.६६ केव्ही.

आता शेतातले गणित. ५ एचपीची एक मोटार साधारण ८ अँपिअर घेते. अशा दहा मोटारी डीपीपासून अर्धा किलोमीटर लांब आहेत आणि तार ‘वीझल’ जातीची आहे असे समजू. या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम असतो. दहाही मोटारी एकत्र चालल्या की प्रत्येक फेजवर ३७ व्होल्टच्या आसपास दाब तारेतच संपतो. डीपीवर ४१५ व्होल्ट असले तरी मोटारीपाशी साधारण ३५० उरतात. मोटारीची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १० टक्क्यांनी घटला तर ताकद १९ टक्क्यांनी घटते. पाणी तेवढेच खेचायचे असल्याने मोटार जास्त अँपिअर ओढते, वाइंडिंग तापते आणि अखेर जळते. त्यात ऑटोस्विच लावलेले असले की लाइट येताच सगळ्या मोटारी एका दमात सुरू होतात आणि दाब आणखी कोसळतो. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते ते यामुळेच.

सौर कृषी वाहिनी योजनेने यात काय फरक पडतो?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा, ‘२.०’, आला. उपकेंद्राच्या ५ ते १० किलोमीटरच्या परिसरात ०.५ ते २५ मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारायचे, ते त्या उपकेंद्राला जोडायचे आणि शेतीच्या फीडरना दिवसा वीज द्यायची, अशी ही रचना आहे. या टप्प्यातील एकूण १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

दाबाच्या दृष्टीने याचा पहिला फायदा उपकेंद्राला होतो. दुपारी वीज शेजारच्या सौर प्रकल्पातून येत असल्याने ३३ केव्हीच्या लांब वाहिनीवरचा आणि उपकेंद्रातल्या मोठ्या रोहित्रावरचा भार हलका होतो. त्यामुळे उपकेंद्रातून फीडर जिथे निघतो तिथला दाब टिकून राहतो. तारांमधली गळतीही कमी होते.

पण उपकेंद्रापासून डीपीपर्यंत आणि डीपीपासून मोटारीपर्यंत वीज पूर्वीच्याच तारांनी जाते. तिथला दाबाचा खर्च पूर्वीइतकाच राहतो. उपकेंद्रालगत सौर प्रकल्प आला म्हणून फीडरच्या शेवटच्या टोकाची मोटार आपोआप जोमाने चालणार नाही. अपेक्षा ठेवताना शेतकऱ्यांनी आणि आश्वासन देताना अधिकाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मग प्रकल्प थेट फीडरच्या टोकालाच का जोडत नाहीत?

ठिबकच्या नळीच्या शेवटच्या टोकाकडूनही पाणी सोडले तर शेवटच्या ड्रिपरचा दाब वाढेल. विजेचेही तसेच आहे. टोकाला स्रोत असेल आणि तिथे मोटारी चालू असतील, तर वीज जागीच वापरली जाते आणि दाब सावरतो. अडचण मोटारी बंद असताना येते. मग तीच वीज उलट दिशेने, टोकाकडून उपकेंद्राकडे वाहू लागते. वीज ज्या दिशेने वाहते त्या दिशेने दाब उतरत जातो. म्हणजे आता सर्वात जास्त दाब टोकाला आणि कमी दाब उपकेंद्राला.

उदाहरणार्थ, उपकेंद्रापासून ५ किलोमीटरवर, ‘रॅबिट’ जातीच्या तारेवर २ मेगावॉटचा प्रकल्प जोडला आणि फीडरवर जवळजवळ भार नसला, तर टोकाचा दाब सुमारे ५०० व्होल्टने चढतो. टोकाला दाब कमी पडू नये म्हणून उपकेंद्रात तो मुळातच थोडा चढा ठेवलेला असतो. समजा तो ११.२ केव्ही आहे. टोकाला ११.७ केव्ही होतील आणि ११.६६ ची मर्यादा ओलांडली जाईल. म्हणूनच असे प्रकल्प स्वतंत्र वाहिनीने थेट उपकेंद्राला जोडणे सुरक्षित ठरते.

मोहोळच्या हवामानात ही वेळ केव्हा येऊ शकते, याचा अंदाज बांधता येतो. सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरमध्ये असतो. तो ओसरला की ऑक्टोबरमध्ये आकाश निरभ्र होते, ऊन कडक पडते, पण जमिनीत ओल असल्याने मोटारी बंद असतात. सौर निर्मिती भरपूर आणि वापर नगण्य, अशी ती दुपार असते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत दिली जात असेल, तर हीच स्थिती इतर दिवशीही येईल. फीडर सौरऊर्जेवर आणणे आणि त्याला दिवसाची पाळी देणे ही दोन कामे एकत्रच व्हायला हवीत, ती याच कारणाने.

छतावरच्या सौर पॅनेलचा परिणाम कसा होतो?

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. देशातील १ कोटी घरांचे तिचे उद्दिष्ट आहे आणि ३ किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. हे संच उपकेंद्रापासून सर्वात दूर, लघुदाबाच्या बारीक तारांवर जोडले जातात. दाबाचा प्रश्न तिथे अधिक तीव्र होतो.

त्यात डीपीची एक जुनी गोष्ट भर घालते. आपल्याकडची वितरण रोहित्रे ११,००० / ४३३ व्होल्ट या प्रमाणात बनतात. भाराखाली दाब थोडा पडणार हे गृहीत धरून ४१५ ऐवजी ४३३ ठेवलेले असतात. याचा अर्थ, भार नसताना आणि वरून पूर्ण ११ केव्ही मिळत असताना एका फेजवर २५० व्होल्ट येतात. वीज एकाच दिशेने वाहणार, या काळातली ही सोय आहे.

समजा डीपीवर २४५ व्होल्ट आहेत आणि अर्ध्या किलोमीटरवर, वीझल तारेच्या टोकाला, एका घरावर एक फेजचा ३ किलोवॉटचा संच आहे. दुपारी घरात वापर नाही. संचातून १३ अँपिअर तारेत जातात, फेज आणि न्यूट्रल मिळून रोध ०.९३ ओहम, म्हणजे दाब १२ व्होल्टने वाढून २५७ होतो. संध्याकाळी त्याच टोकाच्या काही घरांचा मिळून ४० अँपिअरचा भार आला, तर ३७ व्होल्ट पडून दाब २०८ वर येतो. दुपारी मर्यादेच्या वर, संध्याकाळी मर्यादेच्या खाली, आणि घर तेच. डीपीचा दाब कमी केला तर दुपार सावरते पण संध्याकाळ बिघडते. दाब वाढवला तर उलट होते. लहान रोहित्रांना दाब कमी-जास्त करण्याचे टॅप बहुधा नसतात. असले तरी ते वीज बंद करूनच बदलावे लागतात, त्यामुळे दिवसातून दोनदा बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

दुपारी इन्व्हर्टर बंद का पडतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार दाब ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेला की अशा स्रोताने २ सेकंदांच्या आत स्वतःला ग्रीडपासून तोडले पाहिजे. २३० व्होल्टचे ११० टक्के म्हणजे २५३. वरच्या उदाहरणातला इन्व्हर्टर २५७ व्होल्टला थांबणारच. तो थांबला की दाब उतरतो, थोड्या वेळाने तो पुन्हा जोडला जातो, दाब पुन्हा चढतो. ग्राहकाला वाटते पॅनेल खराब आहे, बसवणारा म्हणतो लाइनचा दोष आहे. भर दुपारी तासभर जरी निर्मिती थांबली तरी ३ किलोवॉटच्या संचाची दोन-अडीच युनिटे जातात. हे नुकसान डीपीजवळच्या घराला होत नाही, टोकाच्या घराला होते. संध्याकाळी कमी दाब सोसणारेही तेच घर असते.

याच नियमांमुळे आणखी एक गैरसमज दूर व्हावा. ग्रीडची वीज गेली की ग्रीडशी जोडलेला सौर संचही थांबतो, मग तो छतावरचा असो की उपकेंद्राजवळचा. बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या तारेत खालून वीज येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. त्याच्या जिवाचा हा प्रश्न असल्याने या संरक्षणाशी छेडछाड कोणीही करू नये.

साखर कारखाने आणि सौरपंप यांचे काय?

छोटे वीजस्रोत सोलापूरला नवे नाहीत. जिल्ह्यातील अनेक साखर कारखाने बगॅसवर सहवीजनिर्मिती करतात. पण ती वीज उच्चदाबाच्या वाहिनीवर, स्वतंत्र उपकेंद्रातून जाते. तिथे तारा जाड असतात, दाबावर देखरेख असते आणि गाळप हंगामात निर्मिती रात्रंदिवस स्थिर राहते. ढग आला की घटणाऱ्या आणि गल्लीतल्या तारेवर येणाऱ्या सौर विजेशी तिची तुलना होत नाही.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतले पंप ग्रीडला जोडलेलेच नसतात. ते दाब वाढवत नाहीत. उलट जुनी जोडणी सोडून शेतकरी त्यावर गेला तर डीपीवरचा भार कमी होतो आणि शेजाऱ्याच्या मोटारीला थोडा जास्त दाब मिळतो. लघुदाबाच्या लांब तारेच्या टोकाला असलेल्या विहिरींसाठी दाबाच्या दृष्टीने हा सर्वात साधा मार्ग आहे.

उपाय कोणते?

पहिला उपाय तारेचा. लघुदाबाची तार जितकी आखूड तितके दाबाचे चढउतार कमी. २०१८ मध्ये राज्यात सुरू झालेली उच्चदाब वितरण प्रणाली याच तत्त्वावर होती : एका-दोन शेतकऱ्यांसाठी एक छोटी डीपी, आणि ११ केव्ही थेट तिथपर्यंत. ही योजना पडणाऱ्या दाबासाठी आली, पण चढणाऱ्या दाबालाही ती तितकीच लागू पडते.

दुसरा उपाय फेजचा. एका गल्लीतले सगळे एक फेजचे संच एकाच फेजवर आले तर त्याच फेजचा दाब चढतो. जोडणी देताना ते तिन्ही फेजवर विभागले तर खर्च न करता अर्धा प्रश्न हलका होतो.

तिसरा उपाय इन्व्हर्टरचा. आधुनिक इन्व्हर्टर ग्रीडमधून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढून दाब खाली आणू शकतो. ११ केव्हीच्या उदाहरणात ०.९५ पॉवर फॅक्टरवर दाबाची वाढ सुमारे एक-पंचमांश कमी होते. लघुदाबाच्या बारीक तारेवर हा परिणाम त्याहून कमी असतो. मोटारी बंद असतानाही जोडलेले राहणारे कॅपॅसिटर मात्र दाब वाढवतात. तेव्हा कॅपॅसिटर मोटारीबरोबर चालू-बंद होतील असेच जोडावेत.

चौथा उपाय वेळेचा. पाणी तापवणे, टाकी भरणे, पिठाची गिरणी ही कामे दुपारी झाली तर छतावरची वीज गल्लीतच खपते. दिवसाच्या वापराला सवलत देणाऱ्या टीओडी दरांचा उपयोग इथे होऊ शकतो.

नियमांत मर्यादाही आहे. राज्य आयोगाच्या २०१५ च्या नियमांत एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्के इतकेच छतसंच जोडता येत होते. २०१९ मध्ये ही मर्यादा ७० टक्के झाली. २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने १० किलोवॉटपर्यंतच्या संचांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून सूट दिली आणि ५ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरण व्यवस्था बळकट करण्याचा खर्च कंपनीवर टाकला. ग्राहकाच्या सोयीचे हे पाऊल योग्यच आहे. पण तपासणी गेली म्हणजे दाबाचा प्रश्न गेला असे होत नाही. तो आता संच बसल्यानंतर कळणार आहे.

इतर देशांनी काय केले?

जर्मनीने २०११ च्या नियमाने लघुदाबावरच्या सर्व स्रोतांमुळे होणारी दाबवाढ ३ टक्क्यांत ठेवण्याचे बंधन घातले आणि इन्व्हर्टरला दाब सांभाळण्याच्या कामाला जुंपले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०२० च्या मानकानुसार दाब चढू लागला की इन्व्हर्टर आधी तो खाली खेचतो, तरीही चढला तर निर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करतो. एकदम बंद पडण्यापेक्षा ग्राहकाला हे परवडते. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२० पासून नवा छतसंच गरजेच्या वेळी दुरून बंद करता येईल असाच बसवावा लागतो. संच आधी लाखोंनी बसले आणि नियम मागून आले, हा तिथला धडा आहे. जुने इन्व्हर्टर बदलणे नव्यात सोय मागण्यापेक्षा महाग पडते.

टोकाचा दाब कोण मोजणार?

सौर योजनांचे जाहीर आकडे मेगावॉटचे, फीडरच्या संख्येचे आणि लाभार्थ्यांचे असतात. कृषी वाहिनी योजनेत ठरावीक मुदतीत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना ३ वर्षे प्रति युनिट प्रोत्साहन आहे, ११ केव्हीवर २५ पैसे आणि ३३ केव्हीवर १५ पैसे. यजमान ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख रुपये मिळतात. भाराजवळ निर्मिती करणाऱ्याला जास्त पैसे, हा विचार बरोबर आहे. पण पैसे युनिटांवर मिळतात. शेवटच्या डीपीवर दाब सुधारला का, हे या हिशेबात कुठेच येत नाही. ज्याच्यासाठी योजना आहे त्या शेतकऱ्याला मात्र तेवढेच कळते.

हे मोजणे आता अवघड राहिलेले नाही. स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांचा दाब नोंदवू शकतो. प्रत्येक फीडरच्या शेवटच्या डीपीवर असा एक मीटर बसवून दुपारचा सर्वाधिक आणि संध्याकाळचा सर्वात कमी दाब दरमहा जाहीर केला, तर कुठे तार बदलायची, कुठे फेज विभागायचे आणि कुठे नवा संच थेट जोडायचा, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. सौर प्रकल्प सुरू होण्याआधीचे आणि नंतरचे वर्ष शेजारी ठेवले की योजनेचा खरा निकालही दिसेल.

ग्राहकाच्या हातीही काही आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी दाबाच्या तक्रारी मुदतीत न सुटल्यास भरपाई देण्याच्या बाबींत समाविष्ट केल्या आहेत. तोंडी तक्रार हवेत विरते. १९१२ वर नोंदवून क्रमांक घेतलेली, आणि सोबत स्टार्टरवरच्या व्होल्टमीटरची किंवा इन्व्हर्टरच्या ॲपमधली वेळेसह नोंद जोडलेली तक्रार नाकारणे कठीण असते.

राज्यात ४५ लाखांहून अधिक कृषिपंप ग्राहक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना दिवसा वीज देण्याचे वचन सौरऊर्जेच्या भरवशावर दिलेले आहे. हे वचन रास्त आहे आणि पूर्ण होण्यासारखेही आहे. रात्री साप-किरडाच्या भीतीने विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाची पाळी मिळणे ही मोठी सुटका आहे. मात्र दिवसा मोटार उचललीच नाही, तर त्या पाळीचा उपयोग काय? मोहोळमध्ये पुढच्या प्रकल्पाचे भूमिपूजन होईल तेव्हा त्याच्या मेगावॉटबरोबर त्या फीडरच्या शेवटच्या डीपीवरचे व्होल्टही विचारले जायला हवेत.